वखारीची खडी

तवंदी घाटाच्या पायथ्याला
दस्तगीरचा क्रशर जबडा उघडून बसलाय.
निपाणीहून डंपर येतात, मागचं फळकूट दणकतं,
आणि तंबाखूची अख्खी वखार
तीन दिवसांत माझ्या दारासमोर येऊन पडते:
चुन्याचे पोपडे, बासष्ट सालचा स्लॅब,
एका खांबावर डांबरानं काढलेला आकडा, ४१,
त्याखाली कुणाच्या तरी हिशेबाच्या उभ्या रेघा,
पाच-पाचच्या जुड्या.
शेवटच्या जुडीत तीनच.

प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याची खोली.
एक दाबयंत्र, चाळण्यांची उतरंड,
पाण्याचा हौद, रजिस्टर आणि मी.

पट्ट्याशेजारी बाळव्वा उभी असते.
लाकूड इकडे, सळई तिकडे, प्लास्टिक पायाशी.
हात असे चालतात, बघणाऱ्याला वाटावं
ती अजून पाला निवडतेय.
निवडतच होती की. याच वखारीत एकोणीस वर्षं,
नाकाला पदर बांधून.
मी विचारलं, वाईट वाटतं का?
"कशाचं? तवा बसून हुते, आता हुबी हाय."

पहिला घाणा आम्ही पुस्तकाप्रमाणे लावला.
शंभरात पंचवीस जुनी खडी, बाकी खाणीची,
सिमेंट, वाळू, मापून पाणी.
पाणी गेलं कुठं, कळेना.
मसाला फावड्यालाच चिकटून बसला,
साच्यातनं ठोकळे निघाले ते पोळ्यासारखे, भोकाभोकांचे.
सातव्या दिवशी यंत्राचा काटा
एकशे नव्वदवर थरथरला आणि मागं फिरला.
हुक्केरी साहेबांनी चष्मा पुसला.
"खाणीचीच घ्या सगळी. डोंगर काय पळून जातोय?"
खिडकीतून डोंगर दिसतो.
अर्धा.

बाळव्वानं फुटका ठोकळा उचलला,
त्यातली एक खडी नखानं खरवडली.
दगड होता तसाच होता, काळा, घट्ट;
पण अंगाला जुन्या सिमेंटचा थर धरून होता,
साठ वर्षं कोरडा,
तापातल्या माणसाच्या जिभेसारखा.
"मोदल नीर कुडसरी," ती म्हणाली,
मग माझ्याकडे वळून:
"पाल्याला रातीच पानी मारायचो आमी.
न्हाईतर सकाळी हात लावला की भुगा.
आदी पानी पाजा, मग काम सांगा."

मला हे शिकवलं होतं, खरं तर.
तिसऱ्या सत्रात, कुठल्याशा तक्त्याखाली, बारीक अक्षरात.

रात्रभर खडी हौदात ठेवली.
सकाळी पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं,
दस्तगीर जवळ गेला आणि दोनदा शिंकला.
डंपरचा किन्नर म्हणाला, "मिश्री कोन भाजतंय?"
कुणीच नाही.
भिंत भिजली होती.

निथळून घेतली, अंग कोरडं, पोट ओलं,
आणि दुसरा घाणा लावला. या वेळी मसाला
फावड्यावरून आपण होऊन उतरला.

अठ्ठावीस दिवस ठोकळे पाण्यात बुडून होते.
मी रोज डोकावत होतो, बघण्यासारखं काही नसताना.
मग दाबयंत्र. तीनशे. चारशे.
साडेचारशे ओलांडले तेव्हा साहेबांनी फोन कानापासून दूर धरला.
पाचशे बाराला तडा गेला.
आत कौलाचा एक लाल कपचा,
तो मात्र अख्खा.

रजिस्टरात 'खडीचा स्रोत' असा रकाना आहे, बोटभर रुंद.
साहेब म्हणाले, लिहा, पाडकाम.
लिहिलं.
थोडी जागा उरली, तिथं पेन्सिलीनं
दोन उभ्या रेघा ओढल्या.
तपासणीला आलेल्यानं विचारलं तर सांगीन,
पेन्सिल चालते का बघत होतो.

हमरस्त्याच्या कडेला आता पिवळे-काळे कर्ब बसतायत,
त्यांना कसलाही वास नाही.
फुटलेला ठोकळा मी ढिगावर फेकला होता.
परवा तो पट्ट्यावरून आला,
माझ्या हातची तारीख वर.
बाळव्वानं उचलला, पाठपोट बघितला,
"ह्यो तर आपलाच," म्हणाली,
आणि जबड्यात टाकला.