अबोली, एकशेतीस अंशांवर

दिवसभर मी म्हापशात दात करते.
डॉक्टर लॉरेन्सोंच्या दवाखान्यामागे, जिन्याखालच्या खोलीत
मेणात दात रोवते, हिरड्यांवर गुलाबी चढवते,
कुणाचं तरी हसू डबीत घालून वर नाव लिहिते.
पांढऱ्याच्या सोळा छटा मला तोंडपाठ आहेत:
विडीचा पांढरा, चहाचा पांढरा,
आणि लग्नाआधी घाईनं मागितलेला,
कुणालाच न शोभणारा पांढरा.

जेवणं उरकली की रंग.

पॉलिमर क्ले. नावालाच माती.
दिचोलीचा कुंभार हुंगून परत देईल.
उन्हात वाळत नाही, पाण्यात विरत नाही,
पण एप्रिलच्या रात्री तळहातावर अशी सैलावते
की फ्रीजमध्ये ठेवावी लागते, सुंगटांच्या डब्याला चिकटून.
नवरा म्हणतो, एक दिवस तू कढीत मणी घालशील.

शेवयांच्या यंत्रातून वीसदा काढायची.
पाकळ्या आधी काठ्यांसारख्या लांब करायच्या,
एकीला एक लावून मनगटाएवढा दांडा,
मग सगळीकडून दाबत, ओढत, बोटाएवढा.
आतलं फूल लहान होत जातं, मोडत नाही.
पातं चालवलं की प्रत्येक चकतीत तेच.
फक्त दोन्ही टोकांना ते वेडंवाकडं निघतं,
झोपेतून उठल्यासारखं.
ती टोकं मी बरणीत साठवते. का, ते विचारू नका.

ओव्हन जसिंताचा.
समोरच्या घरातली जसिंता, गेल्या वर्षी लेकीकडे स्विंडनला गेली.
कुत्रा भावाला दिला, शिलाई मशीन चर्चला,
ओव्हन मला, आत ट्रेवर जळक्या साखरेचा एक ठिपका.
पंचवीस नाताळांची बोलिन्यां त्यात भाजली होती तिनं.
ही क्ले एकदा आत गेली
की पुन्हा खाण्याचं काही भाजायचं नाही.
आठवडाभर मी तो नुसताच पुसत राहिले.

तिच्या बल्कांवाच्या कठड्यावर अबोली होती, पाच कुंड्या.
पाणी घालायचं मी कबूल केलं होतं.
तीन मेल्या.

म्हणून हा रंग.
हिरड्यांच्या गुलाबीत पिवळा, पिवळ्यात कणभर लाल:
कोळंबीसारखा झाला.
पांढरा वाढवला, तर तापाच्या गोळीसारखा.
एकदा ओव्हनचा काटा खोटं बोलला,
अख्खी माळ काळी, घरभर धूर,
नवरा टॉवेल हलवत दारात.

शुक्रवारच्या बाजारात रुक्मिण पेडणेकारणीसमोर
नमुन्याचे सहा मणी ठेवले. यातला कुठला गं?
वळेसर गुंफताना तिनं मान वर केली नाही.
"अबोलीक एकूच रंग आसता व्हय?
सकाळचो वेगळो, सांजचो वेगळो."

मग सहाही रंग घेतले.
सत्तावीस मणी, दाताच्या सुईनं भोकं पाडून,
अर्धा तास एकशेतीसवर, थर्मामीटर आत टांगून.
झिलई दुपारच्या सुट्टीत, कवळ्यांच्या चाकावर.
डॉक्टरांनी पाहिलं, म्हणाले काही नाही,
दुसऱ्या दिवशी बायकोसाठी कानातल्यांची जोडी मागितली.

पार्सल पोचायला एकोणीस दिवस.
जसिंता फोनच्या पडद्यावर, मागे राखाडी खिडकी, गळ्यात माळ.
गोदामात रात्रपाळी, तिथे दागिने चालत नाहीत,
बसस्टॉपपर्यंत घालते, मग खिशात.
फूल खरं नाही गं, मी म्हटलं, वास नाही.
"अबोलीक खंय वास आसता?"
खरंच की. निम्मं आयुष्य केसांत माळली,
आणि माझ्या लक्षातच नव्हतं.

मग तिनं एक मणी नाकाशी धरला.
"पूण हाका बोलिन्यांचो वास येता."

थापा मारते. मी माळ स्पिरिटनं पुसली होती, दोनदा.

रात्री ओव्हन निवल्यावर दार उघडून वाकले.
गरम प्लास्टिक. बाकी काही नाही.
म्हणजे, जवळजवळ नाही.