चोरीचा मरवा

मागून आणलेला मरवा लागत नाही,
असं आमच्या रेल्वे लाइनीत मानतात.
म्हणून कमरुन तडवी दारात आली तेव्हा
मी चहाचं आधण बघायला आत गेले
आणि मुद्दाम उशीर केला.

पुढे तिच्या ओट्यावर, रंगाच्या डब्यांत
मरवा, गवती चहा, पानओवा.
भुसावळचं ऊन; दुपारभर ओलं गोणपाट.
पोराला खोकला झाला की
ओव्याची दोन पानं तिथूनच खुडायची,
तीही न विचारता.

माझा मरवा मे महिन्यात जळला.
जूनमध्ये त्यांची बदली. टेम्पो दौंडला गेला.

रात्री बंद क्वार्टरपाशी गेले.
एकच डबा मागे राहिलेला.
माती ओली.

काडी नखाने खुडली,
इकडेतिकडे पाहिलं
चोरासारखं,
नीट.