अठरा रियाल

शुक्रवारी दुपारी दीड ते तीन, एवढीच आमची मराठी वेळ.
आधी तमिळ मंडळी, मागून फिलिपिनी;
तीनला पाच कमी असतानाच त्यांची गिटारं दाराशी येऊन थांबतात,
म्हणून शेवटचा आशीर्वाद मी जरा घाईनंच देतो.

रुवीतल्या त्या खोलीत खुर्च्या छत्तीस, माणसं एकतीस.
मग तीस.
हजेरीच्या वहीत शद्रख अमोलिकच्या नावापुढं
मी चार शुक्रवार बारीक फुली मारली
आणि पाचव्या शुक्रवारी उपदेश केला
हरवलेल्या मेंढरावर.
चांगला झाला म्हणे. देठेबाईंनी डोळे पुसले.
मी म्हणालो होतो, पैशाच्या मागं लागून
इथं माणसं पंचेचाळीस डिग्रीत थंड पडतात.
मंडळी हसली.
मलाही ते वाक्य आवडलं होतं.

टाइल्सच्या कंपनीत मी हिशेबनीस,
सहा दिवस आकडे, सातव्या दिवशी पाळक.
मंडळीचा सहामाही ताळेबंद लिहिताना सापडलं:
व्हॅन, रुसैल ते रुवी, महिना अठरा रियाल, बंद.
कारण, एकच प्रवासी.
त्याखाली नवा माइक, चौपन्न रियाल.
त्याखाली सही.
माझी.

गुरुवारी रात्री कॅम्पवर गेलो.
खिशात एक वचन लिहून नेलं होतं,
एकत्र जमणं सोडू नका, अशा अर्थाचं.
खोलीत आठ जण. दिवसभर गच्च्यांवर चढून
लोकांचे एसी दुरुस्त करणारा हा माणूस,
त्याच्या डोक्यावरचा एसी मात्र
जुन्या चक्कीसारखा खडखडत होता.
तो कांदा चिरत होता.
म्हणाला, बसा पाळकसाहेब, त्या बादलीवर. कोरडी आहे.

मग खाली बघतच बोलला.
पहिल्या शुक्रवारी थांब्यावर उभा होतो,
इस्त्रीचा शर्ट, बायबल प्लास्टिकच्या पिशवीत.
दोन वाजता परत आलो.
दुसऱ्या शुक्रवारी खांबाच्या सावलीबरोबर
सरकत सरकत उभा राहिलो.
तिसऱ्या शुक्रवारी झोपलो.
व्हॅनचं काय एवढं, साहेब,
चार जणांत टॅक्सी परवडते.
पण झोपताना फोन उशाशी ठेवला होता.

थांब्यावर उभ्या असलेल्या मेंढराला
हरवलेलं म्हणायचं का,
ते दाखल्यात लिहिलेलं नाही.

माझं चुकलं, मी म्हणालो. व्हॅनचं.
आणि त्या उपदेशाचंही, तू ऐकला नसशील, पण…
ऐकला, तो म्हणाला.
कुणीतरी फोनवर पाठवला होता.
नव्या माइकवर आवाज फार स्वच्छ येतो.

कांद्याची मला मदत झाली.
खिशातला कागद खिशातच राहिला,
पुढं धुण्यात त्याचा लगदा झाला.
त्याच्या शेजारच्या बांगलादेशी पोरानं
न विचारता तिसरी थाळी मांडली.
मी लांबलचक प्रार्थना करीन म्हणून
शद्रखनं हात आवरून धरला होता.
मी एवढंच म्हणालो,
बापा, ही डाळ तुझी, ही माणसंही तुझी.
आणि जिभेवर आलेलं, उद्या येतोस ना,
भाकरीच्या तुकड्याबरोबर गिळलं.
निघताना भांडी मी घासली. त्यानं घासू दिली,
ते मला क्षमेसारखं वाटलं,
पण तसं म्हणायचा हक्क त्याचा.

व्हॅन पुन्हा सुरू केली आहे.
रिकामी येते. येऊ दे.
वहीत त्याच्या नावापुढं आता फुली मारत नाही;
तिथं काय लिहावं ते सुचलेलं नाही,
चौकट कोरीच ठेवतो.
हिशेबनिसाला कोरी चौकट फार टोचते.

देठेसाहेब दर बैठकीत विचारतात,
अमोलिक परत येणार का, एकदा सांगा,
खुर्च्या कमी करायच्या झाल्या तर.
मी म्हणतो, ठाऊक नाही.
या गुरुवारी कांदे मी न्यायचे आहेत.