मधली चार पानं

अंक होता जूनचा. ‘बॅकबीट’. किंमत पंधरा रुपये.
शिरोड्याला तो कधी आलाच नाही.
बस्त्यावच्या मडगावच्या मावसभावानं पोस्टकार्डावर कळवलं:
सॉल्टपॅनची मुलाखत आहे, मधे पोस्टर,
माझा अंक कुणीतरी ढापला, तुम्ही बघा.

आम्ही बघायला लागलो.

सॉल्टपॅन म्हणजे चौघे जण आणि एक कॅसेट.
आमच्याकडे तिच्या कॉपीची कॉपी,
शेवटच्या गाण्यात कुणाच्या तरी लग्नाची वाजंत्री घुसलेली.
पण नाव मिठागराचं,
आणि आमचे बाप मिठागरात पायाच्या टाचा फोडून घेणारे,
तेव्हा हे आपलेच, असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं
आणि केस वाढवले.

सावंतवाडीच्या स्टँडवर परुळेकर चष्मा वर करून म्हणाले,
‘रॉक म्हणजे दगड ना? कॉलेजात विचारा, भूगोलवाल्यांना.’
वेंगुर्ल्याच्या वाचनालयात ‘ब’खाली
बागायतीचं एक त्रैमासिक होतं, तेही दोन वर्षं बंद.
कुडाळला रद्दीच्या गोदामात निळू तीन तास वाकून होता.
परतला तो विंचू चावलेला पाय घेऊन,
आणि पायरीवर टेकता टेकता म्हणाला,
‘मे होता. जुलै होता.’

मग रेडीच्या एका ट्रक ड्रायव्हरनं सांगितलं,
आमच्याकडे बघत, हसू दाबत,
‘तुमच्यासारखेच चौघे केसाळ
तातू चव्हाणाच्या सलुनात भिंतीवर आहेत.’

तीन सायकली. वाटेत खाणीचा तांबडा धुरळा.
पोचलो तेव्हा आम्हीही पोस्टरसारखेच दिसत असणार, जुन्या.
खाणीवरचा कुणी इंजिनिअर अंक विसरून गेलेला.
पोस्टर आवडलं, मागे मुलाखत होती, ती भिंतीकडे तोंड करून.
‘आणि बाकीचो अंक?’
‘साबण पुसूक लावलंय.’
‘मग ह्या तरी काढून देवा.’
‘खळीन चिकटवलंय, मेल्यांनू. भिंतीसकट व्हरतालात?’

बाकावरून अर्धा ड्रमर दिसायचा, बाकीचं कॅलेंडराखाली.
अख्खं दिसायचं ते खुर्चीतून, समोरच्या आरशात.
‘खुर्चेर बसाचा आसात तर केस कापूचे लागतले.’
आम्ही एकमेकांकडे बघितलं.
आधी बस्त्याव बसला.

पुढे दर महिन्याला एक जण.
पाळी लावली, पैसे काढले, केस गेले
ज्यांच्यासाठी वाढवले त्यांना बघण्यासाठी.
घरी आया खूश, म्हणायच्या पोरं सुधारली.
गिटारवाला डावखुरा आहे, यावर आमची शपथ होती;
निळूनं तर डाव्या हातानं शिकायला घेतलं.
आरसा आहे, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

अकरा वर्षांनी तातूच्या मुलानं टाइल्स बसवायला काढल्या
आणि आठवणीनं निरोप पाठवला.
निळू तेव्हा मस्कतला होता. मी आणि बस्त्याव गेलो.
पाणी मारलं, थांबलो, नखांनी कोपरा उचलला.
पोस्टर पापुद्र्यासारखं हातात आलं आणि तुटलं.

पण चुन्याच्या भिंतीनं शाई ओढून घेतली होती.
ओळीच्या ओळी, उलट्या, ओल्या.
बस्त्याव काही बोलला नाही. जाऊन खुर्चीत बसला,
मी कॅलेंडरचा खिळा काढला,
आणि आरशात सगळं सुलटं झालं.

सगळं म्हणजे, जेवढं उरलं होतं तेवढं.
मिठागराचं नाव का घेतलं, तिथे पोपडा निघालेला.
पुढच्या कॅसेटचं वर्ष, तिथे ओल.
नीट वाचता आलं ते एकच उत्तर, ड्रमरचं:
‘मासे? छे, मला वासही सहन होत नाही.’

बस्त्याव पापलेटांच्या होडीवरून सरळ आला होता.
आधी त्यानं हाताचा वास घेतला.
मग खुर्ची हलेपर्यंत हसला.

मुलगा विचारत होता, आता टाइल्स लावू?
बस्त्याव म्हणाला, ‘थांब.
आधी केस काप.’