इथं पाणी संपतं

कवठेमहांकाळच्या पुढं, कालव्याच्या शेपटाला आमची शाळा.
प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट.
कपाटात थर्माकोलची सूर्यमाला:
शनीची कडी झुरळांनी खाल्लेली,
गुरू दाबला की आत जातो,
पृथ्वीपासून सूर्य चार बोटांवर.
दरवर्षी मी सांगते, हे असं नसतं बरं का.
दरवर्षी पोरं मान हलवतात
आणि वहीत चार बोटांवरच सूर्य काढतात.

जे दिसत नाही त्याला
दिसणाऱ्याचे कपडे घालायचे,
एकोणीस वर्षं हाच माझा धंदा.
पेशीला तासगावची बाजार समिती म्हटलं,
गेटवर वॉचमन बसवला.
परासरणासाठी बेदाणे भिजत घातले,
ते फुगायच्या आत निम्मे वर्गानं खाल्ले.
केंद्रकाला म्हटलं द्राक्षाचा घड,
काळे मणी प्रोटॉन, हिरवे न्यूट्रॉन, दाटीवाटीनं.

सहामाहीत समीर मुजावरनं लिहिलं:
‘केंद्रकाला देठ असतो. तो दिसत नाही.’
शून्य दिलं. स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं. हसले सगळे.

रात्री भांडी घासताना हसू थांबलं.
सगळे प्रोटॉन धन. एकमेकांना ढकलणारे.
मग घड सुटत का नाही?
काहीतरी धरून आहे, आणि ते दिसत नाही.
पोरानं बोट बरोबर जागी ठेवलं होतं,
नाव तेवढं बागेतलं निघालं.
सकाळी शून्याच्या शेजारी अर्धा गुण लिहिला.
शून्य खोडलं नाही.
देठ नसतोच.

विजेला मात्र मला पाणीच लागतं.
म्हैसाळला पंप कृष्णा उचलतात,
एक टप्पा, दुसरा टप्पा, आणखी वर.
उंची म्हणजे व्होल्ट.
वाहतं ते अँपियर.
गाळ, गवत, अरुंद मोरी, हा झाला रोध.
निळ्या खडूनं फळा भरला, बोटंसुद्धा निळी.
मला वाटलं, जमलं.

तेजल कोळेकर उठली. बाप पाटकरी.
‘बाई, आवर्तन सुटलं की आमच्यात पाणी यायला
चार दिवस लागत्यात.
मग बटण दाबल्या दाबल्या दिवा कसा पेटतोय?’

वर्ग गप्प.
मीही.
घंटेनं वाचवलं.

डब्यातला उपमा आणि फळ्यावरची उपमा,
दोन्ही गार झाली की चमचा शिरत नाही.
त्या दुपारी मी दोन्ही तशीच घरी नेली.

दुसऱ्या दिवशी ती ठिबकची काळी नळी घेऊन आली,
अजून भोकं न पाडलेली. वाव-वावभर दोन तुकडे.
एक कोरडा.
दुसरा पाण्यानं गच्च, दोन्ही टोकांना अंगठे.
कोरड्यात तांब्यानं पाणी सोडलं,
पोरं वाकून दुसऱ्या टोकाकडं बघत बसली.
गच्च नळीत एक घोट ढकलला
आणि त्याच दमात, पार तिकडं,
समीरच्या चपलेवर पाणी.

‘तार कधी कोरडीच नसती. व्हय ना, बाई?’

व्हय.
उत्तर मला ठाऊक होतं, बी.एस्सी.ला पाठ केलेलं.
बांधावरनं, बापाच्या मागं चालत
ते कुणी आणलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.
टाळी वाजवणार होते.
पण तिचं संपलं नव्हतं.

‘मग तार तुटली तर वीज सांडत का न्हाई?’

नळी तिच्या हातात होती, टोक गळत होतं,
फरशीवर ओला नकाशा पसरत होता.
मी म्हणाले, ‘इथं पाणी संपतं, तेजल.
इथून पुढं दुसरं काहीतरी शोधायचं.’

सगळा वर्ग खिडकीबाहेर बघायला लागला.
कालव्याचा शेवटचा दगड तिथून दिसतो,
चुना उडालेला, वर एक होला बसलेला.
त्याच्या पुढं पायवाट आहे, आणि बाभळी.

मी मान वळवली.
समीर मुजावरचा हात वर होता.