लिटरमागे पस्तीस ग्रॅम

एक दिवसाआड नळ येतो लोकमान्यनगरात,
सव्वासहाला, आधी नुसती हवा खोकत.
जलूदहून उपसून घाट चढवलेली नर्मदा
माझ्या निळ्या बादलीत येऊन दम खाते.
तिला जायचं होतं भडोचला.
मी म्हणते, थांब, इथेच उरकू.
गाळून घेते, मग मीठ घालते,
लिटरमागे पस्तीस ग्रॅम.
खायचं मीठ नव्हे रे सौमित्र, टाकीचं. लिहून घे.
रात्रभर पंप ढवळत राहतो
जिन्याखालच्या खोलीत
वीस लिटरचा समुद्र.

सुरुवात कशी करायची, विचारलंस.
सहा आठवडे रिकाम्या टाकीकडे बघत बसायचं
आणि पाणी तपासायचं. बस.
मला सवय होती.
एम.वाय.च्या लॅबमध्ये एकतीस वर्षं
लोकांचं रक्त काचेवर घेऊन पेशी मोजल्या.
आता त्याच बोटांनी रोटिफर मोजते,
पिल्लांचं जेवण,
हिरव्या थेंबात गरगरणारे ठिपके.
दहा दिसले तर बरं.
चार म्हणजे उपास.

जोडी अशी जमते:
एक मोठा, एक बारका, दोन्ही नरच आणायचे.
मोठा काही महिन्यांत बाई होतो.
घरमालक मुकातीजींना हे सांगितलं
तेव्हा बशीतला चहा बशीतच राहिला.
तोवर त्यांचा एकच प्रश्न होता,
"बाईजी, ये खाने के लिए तो नहीं हैं?"

ती अंडी घालते कुंडीच्या खापरावर.
नारिंगी, मग तपकिरी,
मग एके सकाळी प्रत्येकात दोन चंदेरी डोळे.
राखण बापाची.
परांनी वारा घालतो,
मेलेलं अंडं तोंडाने वेचून टाकतो.
आई मधूनच येऊन बघून जाते,
आमच्याकडच्या पुरुषांसारखी.

आठव्या रात्री दिवे घालवायचे. सगळे.
देवापुढची समईसुद्धा.
अंधार पुरता झाल्याशिवाय ती फुटत नाहीत.

पहिल्या खेपेची पाचव्या रात्री गेली.
सकाळी तळाशी पिठासारखं काहीतरी.
दुसऱ्या खेपेला, दसऱ्याच्या आदल्या रात्री, लाइट गेली.
पहाटेपर्यंत मी पेल्याने पाणी उचलून
पाण्यातच ओतत राहिले, हवा मिसळावी म्हणून.
त्या धारेनेच मेली असणार बरीचशी.
एवढी नाजूक असतात, हे नंतर कळलं.
कुणाला बोलले नाही. तुला सांगतेय.

तिसऱ्या खेपेची ही अकरा.
दहाव्या दिवशी एकाच्या डोक्यामागे
पांढरी रेघ उमटली,
कुणी खडूने ओढून बघावी तशी.
मी चष्मा पुसला. रेघ होतीच.

आम्ही हेदवकर.
हेदवी कोकणात आहे, समुद्राला लागून, एवढं ठाऊक.
कोण कधी निघालं तिथून, होळकरांच्या पदरी लागलं,
कुणालाच धड सांगता येत नाही.
घरात मासा कधी शिजला नाही,
भरती-ओहोटी भूगोलाच्या पेपरापुरती.
मी समुद्र दोनदा पाहिला.
एकदा शाळेच्या सहलीत, रांगेत उभी राहून.
एकदा बोटीतून, उलट्या करत.
या अकरांनी तोही नाही.
त्यांच्या आईनेही नाही, ती चेन्नईच्या टाकीतली,
थर्माकोलच्या डब्यातून विमानाने आलेली.
तरी पंप सुरू झाला
की सगळी एकदम त्याच्याकडे तोंड करतात
आणि जागच्या जागी पोहत राहतात,
जोर लावून.

त्यातली चार तुझी.
पिशवी लगेच फोडू नकोस,
तुझ्या पाण्यावर अर्धा तास तरंगू दे.
परवा नळ येईल.
बादली आजच घासून ठेव.
साबण नको.