अर्धा शब्द

रात्रीचे अडीच. मार्केट यार्डात
मी, हळदीचा वास आणि खोकणारा पंखा.
सकाळी सौदा, आणि काट्यांवरच्या वजनांच्या फायली
तीन दिवस दारातच अडकलेल्या.

चोरी झाली नाही, हे उपाध्ये शेठना पटत नाही.
"काहीच नेलं नाही? मग आला कशाला?"
दार वाजवायला, शेठ.
अर्धा शब्द बोलला आणि गप्प बसला.
मग दुसरा. मग चारशे.
आपला सर्व्हर सभ्य,
एकेकाचं वाक्य पुरं व्हायची वाट बघत राहिला,
बघता बघता मेला.

दऱ्याप्पा हमाल चहा ठेवून म्हणाला,
"हरिपूरच्या पेवात आम्ही आधी कंदील सोडायचो.
इझला तर माणूस उतरायचा नाही."
पॅच मी आधी जुन्या मशीनवर सोडला.
पेटता राहिला.

तसा बदल एका ओळीचा:
तीस सेकंदांत बोलला नाहीस, तर ऊठ.
एवढं लिहिताना हात अडला.
झटका आल्यापासून आई फोनवर अशीच थांबते,
'मीठ' म्हणायला मिनिटभर घेते,
तोवर नुसता श्वास ऐकू येतो.
आणि कवलापूरच्या काट्यावरचं नेट
रांगत येतं, हेही आठवलं.

तीस खोडून नव्वद केले.
एका पत्त्याला चारच खुर्च्या, ही अट वेगळी घातली.

सहा वाजून दहा मिनिटं. लॉगमध्ये पहिली ओळ:
कवलापूर. बोलायला एकाहत्तर सेकंद.
फाईल पूर्ण.